विस्तवाला उत्तर

(स्कॉटलंडमधलं लुईस बेट. ऑक्टोबर संपत आलेला, शनिवारची दुपार. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून विजेचा हीटर, पुढचं झाकण काढलेलं. दाराशी एक भरलेली बॅग.)

इशबेल : पुन्हा थंड म्हणजे काय, टॉर्मोड? मंगळवारी तू हाच हीटर दुरुस्त करून गेलास ना?

टॉर्मोड : गेलो होतो. बुधवारी गरम होता. तुझ्या आईलाच विचार.

मर्डिना : होता, होता. बुधवारी मांजर त्याला जे चिकटलं, ते जेवायलासुद्धा उठेना.

इशबेल : आणि गुरुवारपासून पुन्हा बर्फ. काल मी आले तर आई स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यापुढे बसलेली. अंगात ओव्हरकोट, पायांत बाबांचे बूट!

मर्डिना : चांगले आहेत बूट. माणूस गेला म्हणून बुटांनी काय पाप केलं?

इशबेल : आई, बुटांचं नाही चाललेलं. टॉर्मोड, तू सरळ सांग, होणार की नाही? दुपारची बोट आहे. आमचं ठरलंय. बोट सुटायच्या आत याचं काय ते कळलं नाही, तर आई माझ्याबरोबर इन्व्हर्नेसला येणार. ती बघ बॅग.

मर्डिना : बॅग तू भरलीस. मी नुसती बघत होते.

इशबेल : हो म्हणाली होतीस तू.

मर्डिना : ‘दुरुस्त नाही झाला तर’ असं म्हणाले होते. टॉर्मोडा, तू हात चालव बाबा. हिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

टॉर्मोड : चालतोय हात, काकू. पण हीटर म्हणजे मेंढी नव्हे, हुश्श केलं की हलली.

इशबेल : थंडीपुरतंच तर नेतेय. वसंत आला की परत आणून सोडते.

मर्डिना : शेजारच्या पेगीलाही तिच्या पोरानं थंडीपुरतंच नेलं होतं. आता तिच्या घरात कोण राहतं सांगू? आठवड्याच्या भाड्यानं येणारे पाहुणे. परवा त्यातला एक मला विचारत होता, इथे बघण्यासारखं काय आहे म्हणून. म्हटलं, मी आहे.

टॉर्मोड : मग काय म्हणाला?

मर्डिना : फोटो काढला माझा, मेल्यानं.

इशबेल : हसू नकोस, टॉर्मोड. मला हसू येत नाहीये.

मर्डिना : तू आधी बस बघू. मघापासून येरझारा घालून गालिचा झिजवलास. तुला पाहून मांजरसुद्धा पलंगाखाली गेलं.

इशबेल : बसवत नाही. बसले की पाय गार पडतात. या घरात बसून बघ म्हणजे कळेल. तू रोज बसतेस, तुला कळत नाही.

टॉर्मोड : काकू, सकाळी न्हाणीतल्या नळाला गरम पाणी होतं?

मर्डिना : चटका बसेल इतकं.

टॉर्मोड : बास. म्हणजे रात्रीची वीज घरात येतेय.

इशबेल : पाण्याचा काय संबंध?

टॉर्मोड : पाण्याची टाकी आणि हा हीटर, दोघंही एकाच तारेवर, रात्रीच्या स्वस्त विजेवर. दिवसा त्या तारेत काही नसतं, म्हणून मला ती आत्ता तपासता येत नाही. पण रात्री टाकीच्या पानात वीज वाढली, तर याच्याही पानात वाढली असणार. यानं ती का खाल्ली नाही, तेवढंच बघायचंय.

इशबेल : कॉइल गेली असेल.

टॉर्मोड : मल्टिमीटर लावून बघितला. कॉइली ठणठणीत.

इशबेल : मग भिंतीवरचं बटण. आईनं बंद केलं असेल. चुकून.

मर्डिना : चुकून! हल्ली माझं ‘चुकून’ फार मोजतेस तू.

टॉर्मोड : बटण चालूच होतं. मी आल्यावर बंद केलं. आता इकडे ये, बघ, या कडेला आत. हे लाल दिसतंय? हीटर वाजवीपेक्षा जास्त तापला की हे उडतं आणि वीज तोडतं. मंगळवारी हेच उडालेलं होतं. मला वाटलं तापमान बघणारा तुकडा बिघडला, म्हणून तो बदलला. आज बघतो तर पुन्हा उडालंय.

इशबेल : मग दाब आणि मोकळा हो.

टॉर्मोड : दाबतो. परत उडालं की परत दाबू? हे बटण म्हणजे घरचं कुत्रं आहे, इशबेल. ते भुंकलं तर त्याचं तोंड बांधायचं नसतं, दाराशी कोण आलंय ते बघायचं असतं.

मर्डिना : अगदी त्याच्या बापासारखं बोलतो. तोसुद्धा एक तार जोडायला तीन गोष्टी सांगायचा. हे घे, ओटची भाकरी आणि चीज. चहा ओतते.

इशबेल : आई, त्याला खायला घालत बसू नकोस, बोट आहे.

मर्डिना : बोटीला भूक नसते, माणसाला असते.

इशबेल : समज, आत्ता दुरुस्त झाला. गरम व्हायला किती वेळ?

टॉर्मोड : आत्ता नाही व्हायचा. रात्री वीज आली की आतल्या विटा तापणार. सकाळी हात लावाल तेव्हा कळेल.

इशबेल : सकाळी! मग बोटीच्या आधी मला कसं कळणार?

टॉर्मोड : ते मी नाही ठरवलं. हीटर बनवणाऱ्यानं ठरवलं.

इशबेल : आणि उद्या रविवार.

मर्डिना : उद्या देवाचा वार. उद्या या घरात पेचकस निघणार नाही, आणि रविवारच्या बोटीत मी पाय ठेवणार नाही. ती सुरू झाली तेव्हाच तुझ्या बाबांना शब्द दिलाय.

इशबेल : म्हणजे आज ती बॅग उचलायची, नाहीतर तुला इथे सोडून मी इन्व्हर्नेसला रात्रभर छताकडे बघत पडायचं. तिसरं काही नाहीच.

टॉर्मोड : तू छताकडे बघण्याआधी मला जरा विचार करू दे. काकू, मंगळवारी रात्री मी लाल बटण दाबून गेलो. बरोबर?

मर्डिना : बरोबर. दोन कप चहा प्यायलास.

टॉर्मोड : त्या रात्री हीटर नीट भरला. बुधवारी दिवसभर गरम. बुधवारी रात्री मात्र भरता भरता उडाला. मग मंगळवारच्या रात्री जे नव्हतं, असं बुधवारच्या रात्री इथे काय होतं?

मर्डिना : वारा होता.

टॉर्मोड : वारा मंगळवारीही होता. वारा इथे लग्नाच्या बायकोसारखा, घर सोडून कुठे जातो? दुसरं काही?

मर्डिना : मला काय ठाऊक? मी नऊला झोपते.

टॉर्मोड : ही वरची जाळी बघ, इशबेल. हिच्यातून याला श्वास घ्यायचा असतो. तुझा तो छोटा चिमटा आहे का, भुवयांचा? दे. हां. हे काय निघालं सांग.

इशबेल : लोकर? हिरवट, तपकिरी. आणि वास घे, करपलेला वास येतोय! आई, हीटरमध्ये लोकर कुठून आली?

मर्डिना : मेंढी आली असेल.

इशबेल : घरात मेंढी?

मर्डिना : आली होती उन्हाळ्यात एकदा. दार उघडं राहिलं होतं.

इशबेल : आणि ती हिरवी होती?

मर्डिना : इशबेल, बाबांच्या विणायच्या मागाच्या खोलीचं दार आपटतंय बघ. ऐकतेस का? कडी तुटलीये त्याची. जा, दोरीनं बांधून ये. नाहीतर बिजागऱ्यांतून निखळेल.

इशबेल : आत्ता?

मर्डिना : आत्ताच आपटतंय ना ते? दोरी खुंटीला आहे. जा गं पोरी. तुझ्या फेऱ्या निदान कामी तरी येऊ देत.

इशबेल : टॉर्मोड, मी आले की मला उत्तर पाहिजे.

टॉर्मोड : मिळेल.

मर्डिना : गेली का? गेली. टॉर्मोडा, ती यायच्या आत ऐक. ते लाल बटणच मुळात खराब होतं म्हण. नवं टाकलं म्हण. तुझ्या पिशवीत नवं आहे, मघाशी बघितलं मी.

टॉर्मोड : काकू, बुधवारी रात्री त्यावर काय टाकलंत?

मर्डिना : कापड.

टॉर्मोड : कुठलं कापड?

मर्डिना : फिनलेचं. शेवटचं विणलेलं. मागावर अर्धंच राहिलं होतं, तो गेल्यावर मीच कापून काढलं. गिरणीला अर्धं कापड चालत नाही. पण चांगलं जाड आहे. बघितलंस ना, लोकर कशी आहे ती?

टॉर्मोड : हीटरवर लिहिलंय की, झाकू नका म्हणून.

मर्डिना : वाचता येतं मला. खाली शर्टाचं चित्र आहे. ओले कपडे वाळत टाकू नका, असा त्याचा अर्थ. मी कुठे ओलं टाकलं?

टॉर्मोड : पण टाकायचंच कशाला?

मर्डिना : कशाला म्हणजे? तुझी आजी काय विस्तव उघडा टाकून झोपायची? इथेच, याच कोपऱ्यात चूल होती. रानातून पीटच्या, त्या जळाऊ मातीच्या, ढेपा कापायच्या, वाळवायच्या, दिवसभर जाळायच्या, आणि रात्री निखारे राखेत झाकून ठेवायचे. सकाळी उकरले की लालबुंद. लग्न होऊन आले त्या रात्रीपासून एक दिवस चुकवला नाही मी. मग मागच्या थंडीत ढेपांची टोपली घेऊन घसरले काय, आणि इशबेलनं चूलच काढून टाकली. हा पांढरा पेटारा आणून ठेवला. बसवायला आलेला माणूस समुद्रापलीकडचा. घोटभर चहाला थांबला नाही. ‘आत विटा आहेत, त्या तापतात’ एवढं म्हणून गेला. मी म्हटलं, असेना. पीटच्याही विटाच की. तापलेल्या विटा रात्री झाकायला नकोत? रिकाम्या खोलीला रात्रभर ऊब कशाला वाटायची? फुकट का येते ती?

टॉर्मोड : आणि थंड असला की नाही झाकत.

मर्डिना : विझलेल्या चुलीला कोण झाकतं?

टॉर्मोड : म्हणून मंगळवारी उघडा राहिला आणि भरला. काकू, तुमचं चुकलं असं म्हणवत नाही, पण वेळ चुकली. चूल रात्री झोपते. हा रात्री जेवतो. जेवणाऱ्याच्या तोंडावर तुम्ही घोंगडं टाकलंत.

मर्डिना : बरं, कळलं. आता ते तुझ्या-माझ्यात ठेव. आधीच तिला वाटतंय माझं डोकं ठिकाणावर नाही. यात भर कशाला?

टॉर्मोड : कापड दाखवा.

मर्डिना : कशाला?

टॉर्मोड : दाखवा तर.

मर्डिना : पेटीत आहे. हे घे. कडेला जरासं लागलंय.

टॉर्मोड : हे जरासं? काकू, बोट जातंय माझं यातून. मी गावच्या बंबावरही असतो, विसरलात? ते लाल बटण उडालं नसतं तर गुरुवारी पहाटे मी इथे आलोच असतो. पेचकस नाही, पाण्याचा पाइप घेऊन.

मर्डिना : इतकं?

टॉर्मोड : इतकं. मी खोटं नाही बोलणार. तुमच्याशी नाही, तिच्याशीही नाही. पण सांगणारही मी नाही. तुम्ही सांगायचं.

मर्डिना : म्हणजे बॅग उचलायची.

टॉर्मोड : असेलही. ते मला ठाऊक नाही.

मर्डिना : तू गुडघ्याएवढा होतास तेव्हापासून तुला या घरात लोणी-भाकरी घातली मी.

टॉर्मोड : म्हणूनच. परकं असतं तर नवं बटण टाकून पैसे घेऊन गेलो असतो.

इशबेल : बांधलं बाई दार. काय तो वारा! माग अजून तसाच उभा आहे गं, धागेसुद्धा लोंबतायत. मला बघवेना. टॉर्मोड, झालं का? हे काय, बाबांचं कापड? आई, हे भोक कसलं? हे जळलंय.

मर्डिना : मी हीटरवर घालत होते. रात्री, गरम असला की. सकाळी काढून पेटीत ठेवायचे. म्हणून तो बंद पडतो. झालं. सांगितलं.

इशबेल : हीटरवर? रात्री? तू आत झोपलेली असताना?

मर्डिना : मग रात्री काय उभी राहू?

इशबेल : आई, मस्करी करू नकोस! तू मेली असतीस. धुरानंच मेली असतीस, आग लागायच्या आधी. आणि मला पोलिसांचा फोन आला असता. तुला कळतंय का मी काय म्हणतेय? डॉक्टर म्हणालेच होते, असं काहीतरी होईपर्यंत थांबू नका.

मर्डिना : कुठले डॉक्टर?

इशबेल : जाऊ दे.

मर्डिना : मी कुठल्याही डॉक्टरकडे गेले नाही. कुठले डॉक्टर, इशबेल?

टॉर्मोड : मी जरा मीटरची पेटी बघून येतो.

मर्डिना : तू जागचा हलायचं नाहीस. तुझ्यामुळे सांगितलंय मी, आता बस आणि ऐक. बोल गं.

इशबेल : मी फोन केला होता त्यांना. मला दुसरं सुचेना. तू रोज रात्री फोनवर मला म्हणायचीस, ‘विस्तव निजवला.’ घरात चूल नाही, काडी नाही, आणि तू म्हणतेस विस्तव निजवला! मी विचारायची, कसला विस्तव, आई? मग ‘बरं, ठेवते’ म्हणून ठेवायचीस. दुसऱ्या रात्री परत तेच. मी काय समजायचं?

मर्डिना : म्हणून डॉक्टरला सांगितलंस. मला विचारण्याआधी.

इशबेल : विचारलं ना! रोज विचारलं, कसला विस्तव?

मर्डिना : त्याला प्रश्न विचारायचा नसतो. उत्तर द्यायचं असतं.

इशबेल : म्हणजे?

मर्डिना : तू या घरात वाढलीस ना? झाकणारा म्हणतो, ‘विस्तव निजवला.’ घरातलं दुसरं माणूस, जिथे असेल तिथून, अंथरुणातून का होईना, म्हणतं, ‘निजू दे, सकाळी उठवायला माणूस आहे.’ मग दिवा मालवायचा. माझी सासू म्हणायची. तुझे बाबा म्हणायचे. तू लहान होतीस तेव्हा त्या भिंतीपलीकडून ओरडायचीस, कधीकधी झोपेतसुद्धा. फिनले गेल्यापासून या घरात ते कोणी म्हणत नाही. मी म्हणते आणि ऐकत बसते. मला वाटलं, फोनवर तरी तू म्हणशील.

इशबेल : आई...

मर्डिना : पहिल्या दिवशी वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून दुसऱ्या दिवशी परत म्हटलं. मग म्हटलं, विसरली असेल, आठवेल. रोज म्हणत राहिले. आणि तू तिकडे डॉक्टरला सांगत होतीस, म्हातारीला नसलेली चूल दिसते.

इशबेल : मला आठवलंच नाही गं. खरंच नाही आठवलं. मला वाटलं तू जातेयस. रोज थोडी थोडी. फोन ठेवला की मी न्हाणीत जाऊन रडायची, पोरांना दिसू नये म्हणून.

मर्डिना : आणि मला वाटायचं, तू घाईत आहेस.

टॉर्मोड : चहा गार झाला. मी ओतू का परत?

मर्डिना : ओत. तिला साखर घाल. चेहरा बघ कसा झालाय.

इशबेल : पण तरी घर जळलं असतं, आई. हे काही त्यानं पुसलं जात नाही.

मर्डिना : नाही जात. भोक मी बघितलंय. बुधवारपासून पेटी उघडून रोज बघतेय. वाटलं, कापडच जुनं झालंय. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतं. तू ओरडलीस ते बरोबर ओरडलीस. पण वेडी नाही मी.

इशबेल : नाहीयेस.

मर्डिना : हे डॉक्टरला सांगशील?

इशबेल : सांगेन. सोमवारी सकाळी पहिलं तेच.

टॉर्मोड : आता दोघी इकडे या. लाल बटण दाबलंय, जाळी साफ केलीये, झाकण लावतो. काकू, या वर दोन चकत्या आहेत, बघितल्यात कधी?

मर्डिना : बघितल्या. फिरवल्या नाहीत. बसवणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

टॉर्मोड : डावी चकती म्हणजे रात्री किती जेवायचं. तिला हात लावू नका, मी लावून ठेवलीये. ही उजवी म्हणजे ऊब किती बाहेर सोडायची. निजायच्या वेळी ही अशी मागे फिरवायची, शून्यावर. आत एक झडप बंद होते आणि ऊब विटांपाशीच राहते. सकाळी उठलात की पुढे फिरवायची. हीच तुमची राख. आत भरलेलीच आहे, वरून काही घालायला नको.

मर्डिना : एवढंच?

टॉर्मोड : एवढंच.

मर्डिना : आणि हे मला कोणी सांगितलं नाही! फिरवून बघू? ह्या बाजूला? टक् वाजतं की.

टॉर्मोड : वाजलं की शून्यावर आली.

इशबेल : टॉर्मोड, तू खरं सांग. आता धोका नाही ना?

टॉर्मोड : हीटरचा नाही. काकूंचं मी काय सांगू? त्यांना उडणारं लाल बटण नाही.

मर्डिना : आहे. तुम्ही दोघांनी अजून पाहिलं नाही, एवढंच. इशबेल, घड्याळ बघ. बोटीचं काय?

इशबेल : तुलाच विचारते. काय करायचं?

मर्डिना : मला विचारतेस? मग ऐक. हे कापड तू घेऊन जा. घरात झाकण्याजोगं एवढंच जाड आहे, तेच गेलं की तुझाही जीव भांड्यात पडेल आणि माझाही हात शिवशिवणार नाही. बोटीवर वारा असेल, खांद्यावर घे. भोक आतल्या बाजूला कर.

इशबेल : बाबांचं शेवटचं कापड ना ते? तुझ्याजवळ राहू दे.

मर्डिना : माझ्याजवळ बूट आहेत. आणि ती बॅग सोडू नकोस, तशीच दाराशी राहू दे. उद्या टॉर्मोड चर्चला जाताना येईल. पेचकस नाही आणायचा, नुसता हात लावून बघायचा. हीटर थंड निघाला तर सोमवारच्या बोटीनं मी येते. तक्रार न करता येते. शब्द देते.

टॉर्मोड : मी साक्षीला.

इशबेल : आणि गरम निघाला तर?

मर्डिना : तर बॅग तुझ्या हातानं भरलीस, तशी मी माझ्या हातानं उपसते. आणि नाताळात तू पोरांना घेऊन ये. त्यांना खाली गालिच्यावर झोपवू, याच्याजवळ.

इशबेल : आज रात्रीचं काय? आज तर थंडच आहे घर.

मर्डिना : आज गरम पाण्याची पिशवी आहे, मांजर आहे आणि तू दिलेला तो केसाळ गाऊन आहे. दिसायला वाईट, पण ऊब देतो. एका रात्रीनं मी मरत नाही. आधी खूप रात्री काढल्यात.

इशबेल : मला जायची भीती वाटते, आई.

मर्डिना : वाटणारच. मलाही वाटते. तू न्यायचं म्हणालीस तेव्हापासून वाटतेय, कोणी विचारलं का? एक रात्र दोघी घाबरून काढू. तू तिकडे, मी इकडे.

टॉर्मोड : व्हॅन चालू करतो. वाटेत मेंढ्या आडव्या आल्या तर माझा दोष नाही.

इशबेल : आले. कोट कुठे गेला माझा? हां. आई, मी रात्री फोन करते. पोहोचले की लगेच नाही, तू झोपायच्या आधी. नेहमीच्या वेळेला.

मर्डिना : विसरशील.

इशबेल : नाही विसरणार.

मर्डिना : एकदा विसरलीस. जायच्या आधी आत्ताच बघू दे. चकती मागे... ही आली शून्यावर. वाजलं. विस्तव निजवला.

इशबेल : निजू दे, आई. सकाळी उठवायला माणूस आहे.

मर्डिना : हं. आता दार लावून घे, ऊब बाहेर जाते.